शनिवारी पाचची पाळी

ताउनो हेइकुराच्या दाराला पत्रं टाकायची जी फट आहे, तिच्यातून मी आयुष्यात एकदाच आत पाहिलंय. तेही जिन्यावर गुडघे टेकून, अंगावर नुसता टर्किशचा झगा आणि घोट्यात इस्पितळाने बसवलेले स्क्रू. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत, एकोणीस वर्षांचा शेजार, तरी त्याचं जेवायचं टेबल कुठल्या बाजूला आहे हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे यात कुणाला नवल वाटत नाही. शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही, एवढाच आमचा शेजारधर्म, आणि ताउनो तो फारच कडक पाळायचा.

पिएलिनेन तलावाच्या काठी आमच्या सोसायटीच्या तीन-तीन मजली इमारती आहेत. ताउनो तिथला केअरटेकर. कागदोपत्री तो कधीच निवृत्त झाला होता, पण हिवाळ्यात पहाटे अंगणातला बर्फ ओढल्याचा आवाज आला नाही तर मला जाग येत नसे. गोठलेल्या वाटेवर तो खडी अशी टाकायचा की ऐंशीची म्हातारीही हात सोडून चालेल. किल्ली आत विसरून दार ओढून घेतलेल्यांना घरात घेणं हेही त्याचंच काम. गावातल्या अर्ध्या लोकांची दारं त्याने कधी ना कधी उघडून दिली असतील. चेष्टा मात्र कधी केली नाही. दार उघडायचं, "झालं" म्हणायचं, आणि निघायचं.

लग्न केलं नाही. का, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खिडकीबाहेर बघून "वारा पडलाय" असं काहीतरी सांगितलं असतं.

आणि सॉना. इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक सॉना, म्हणजे वाफेने अंग शेकायची खोली, आहे, आणि आठवड्याची पाळी ज्याची त्याला वाटून दिलेली. शनिवारी पाचची पाळी ताउनोची, दिवसातली पहिली. सहाची माझी. भट्टीतले दगड आधीच तापलेले असतात. त्याने वाफ घेऊन, अंग धुऊन, बाकं खळखळून धुवायची, लाकडी बादली पालथी घालायची आणि माझ्या दहा मिनिटं आधी निघून जायचं. एकोणीस वर्षं मी त्याच्या ओल्या लादीवर पाय ठेवत आले. माणसं लग्न करून इतका नेम पाळत नाहीत.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या मानेला गाठी आल्या. लिम्फग्रंथींचा कॅन्सर निघाला. दर तिसऱ्या आठवड्याला जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात जायचं, दिवसभर सलाइन लावून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी. हे मला त्याने सांगितलं नाही. तो अंगणात गालिचे झटकायच्या लोखंडी चौकटीचा सैल झालेला स्क्रू पिळत होता, मी माझा गालिचा बडवत होते, आणि तेवढ्यात योन्ना आली. योन्ना आमच्या दवाखान्यातली कॅन्सरची नर्स.

"ताउनो, ते यंत्र घरी नेशील ना?" ती म्हणाली. "रोज संध्याकाळी तुझ्याशी बोलेल. ताप, उलट्या, तोंडातले फोड, सगळं विचारेल. काही गडबड वाटली तर सरळ इस्पितळाला कळवेल."

ताउनो स्क्रू पिळत राहिला.

"निम्मे पेशंट नको म्हणतात बघ. म्हणतात, आम्हाला जिवंत माणूस हवं. तुलाही तसं वाटत असेल तर सांग, मी स्वतः येत जाईन."

त्याने स्क्रू पूर्ण बसवला, चौकट हलवून पाहिली, मग विचारलं, "ती कॉफी मागते का?"

"कोण ती?"

"यंत्रातली."

"नाही रे बाबा!"

"मग चालेल."

योन्ना हसत सुटली. मी हसले नाही. माणूस घरी आलं की कॉफी ठेवावी लागते, वेलदोड्याचा पाव गरम करावा लागतो, आणि समोर बसून "बरा आहे, बरा आहे" म्हणावं लागतं. उलटी दाबून हसणाऱ्या माणसाला हे किती महाग पडतं, ते मला ठाऊक होतं. माझा नवरा असाच हसत हसत गेला.

त्या यंत्राला इस्पितळाने हेल्का असं नाव दिलं होतं. पुस्तकाएवढं चपटं खोकं, बाईचा आवाज, सोबत ताप मोजायची एक कांडी जिचा आकडा आपोआप हेल्काकडे जायचा. ताउनोने ते बाल्कनीच्या दाराशी ठेवलं असावं, कारण माझ्या बाल्कनीत मला सगळं ऐकू यायचं. मुद्दाम ऐकत होते का? कुंड्या आवरत होते. रोज संध्याकाळी कुंड्या आवरायला लागतात, असं समजा.

पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "तुझ्या जवळचं कोण आहे? गरज पडली तर मी कुणाला कळवू?"

"कोणी नाही."

"शेजारी?"

"कोणी नाही म्हटलं ना."

माझ्या हातातली कुंडी मी जरा जोरातच ठेवली. राग आला, खोटं कशाला बोलू. एकोणीस वर्षं ओल्या लादीचा संबंध, आणि म्हणे कोणी नाही.

सुरुवातीला दोघांचं जमेना. हेल्का विचारायची आणि दोन श्वासांत पुन्हा विचारायची. ताउनोला उत्तर जुळवायला वेळ लागतो. शिवाय श्वास आत ओढत 'हो' म्हणायची आमच्याकडची रीत त्या यंत्राला कळेना. तिला वाटायचं हा गप्पच आहे. शेवटी एके दिवशी तो म्हणाला, "मला घाई करू नकोस." आणि काय आश्चर्य, तिने विचारलं, "किती थांबू?" तो म्हणाला, "मी बोलेपर्यंत." योन्नाने मग इस्पितळातून तशी सोय करून दिली. तेव्हापासून हेल्का प्रश्न विचारून गप्प बसायची. भिंतीपलीकडची ती शांतता कधी कधी इतकी लांबायची की इकडे माझी कॉफी निवून जायची.

आणि मग तो बोलायचा. हे मला पचायला जड गेलं. जिभेवर फोड आलेत, पाणीसुद्धा झोंबतं. पायाची बोटं बधिर झाल्यामुळे जिन्याची पायरी कळत नाही. एकदा म्हणाला, आज आरशातला माणूस ओळखू आला नाही, टोपी घालून झोपलो. मला गेल्या एकोणीस वर्षांत मिळालेलं त्याचं सर्वात लांब वाक्य होतं, "इर्या, तुझ्या सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी आहे." मला त्या खोक्याचा हेवा वाटायचा. एका यंत्राचा हेवा करणारी म्हातारी मी पृथ्वीवर पहिलीच असेन, पण वाटायचा.

जानेवारीतल्या एका शनिवारी घोटाळा झाला. डॉक्टरांनी सॉना बंद केला नव्हता. बेताने घे, एवढंच म्हणाले होते. ताउनो पाचची पाळी आटोपून वर आला आणि हेल्काची वेळ झाली म्हणून अंग गार व्हायच्या आधीच त्याने ती कांडी लावली. सॉनातून आलेलं अंग ते! ताप अडतीस अंशांच्या वर निघाला. त्या औषधांनी रक्तातलं बळ गेलेलं असतं, त्यात ताप चढला तर माणूस काही तासांत हातचा जातो, म्हणून हेल्काला शिकवलेलं होतं की अशा वेळी वाद घालायचा नाही. पण तिला शिकवणारे दूर कुठल्या तरी देशातले. वाफेतून नुकता बाहेर आलेला माणूस गरम असतो, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. ताउनो सांगत होता, "अगं, मी सॉनात होतो." ती म्हणत होती, "गाडी निघाली आहे. दार उघडं ठेव."

इस्पितळाची गाडी आली आणि त्याला घेऊन शहराकडे गेली. शहर जवळ नाही. तिथे पोचेपर्यंत ताप उतरला, डॉक्टर हसले, आणि टॅक्सीने परत पाठवलं.

त्या वेळात इकडे मी अंगणात पडले होते. ताउनो आजारी पडल्यापासून खडी टाकायला बाहेरची माणसं येत, आणि ती खडी अशी टाकत जशी कोणी जेवणावर मीठ भुरभुरवतं. कचऱ्याची पिशवी घेऊन गेले, पाय सटकला, घोट्याचे तीन तुकडे. आमच्या भागातली एक गाडी ताउनोला घेऊन गेलेली, दुसरी पार सीमेजवळच्या खेड्यात. मी त्या थंडीत बर्फावर पडून, अंगावर शेजाऱ्यांच्या चार-चार गोधड्या, आणि वर चांदण्या बघत होते. किती वेळ, ते मी मोजलं नाही. गाडी आली तेव्हा मला बोलता येत नव्हतं एवढं खरं, आणि मला ओळखणाऱ्यांना त्यातूनच परिस्थितीचा अंदाज आला.

मी इस्पितळातून घरी आले त्या दिवशी ताउनो माझ्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"गाडी माझ्याकडे होती," तो म्हणाला.

"माहितेय. सॉना तुझा, घोटा माझा. हिशेब मिटला."

मी हसले. तो हसला नाही. माझ्या प्लास्टरकडे बघत राहिला आणि "खडी नव्हती" असं काहीतरी पुटपुटत गेला. संध्याकाळी कुबड्या घेऊन बाल्कनीत गेले तर हेल्का त्याला विचारत होती, आज मन कसं आहे. खूप वेळाने तो म्हणाला, "माझ्यामुळे पुन्हा गाडी येता कामा नये." तिने विचारलं, गरज पडली तरी? त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही. ताउनो रागावलेला असता तर मला भीती वाटली नसती. पण तो ठरवून बोलत होता.

इस्पितळाने मग हेल्काला एक नवा प्रश्न शिकवला. ताप दिसला की ती आधी विचारायची, "तू आत्ता सॉनातून आलास का?" हो म्हटलं की थोड्या वेळाने पुन्हा मोजायला सांगायची. सगळ्यांना वाटलं, छान सुधारणा झाली. मला वाटलं, खोटं बोलायला यांनी त्याला आयतंच दार करून दिलं. योन्नाला मी तसं बोलूनही दाखवलं.

"ताउनो आणि खोटं?" ती म्हणाली. "इर्या, काहीतरीच तुझं. तो तर यंत्रालासुद्धा 'माफ कर' म्हणतो."

खरं होतं. म्हणून मीही गप्प बसले.

मार्च उजाडला. त्याचं शेवटून दुसरं औषध होऊन आठवडा झाला असेल. माझं प्लास्टर निघालं होतं, स्क्रू आत राहिले होते, आणि त्या शनिवारी मी पडल्यानंतर पहिल्यांदाच सॉनाला निघाले. जिन्यात ताउनो वर येताना भेटला. झगा, गळ्यात टॉवेल, तोंड लालबुंद, कठड्याला धरून एक एक पायरी चढत होता.

"काय रे, उकडलेला खेकडा दिसतोस," मी म्हणाले. "जोरात घेतलीस वाटतं वाफ."

"छान होती," तो म्हणाला.

मला बाजूने जायला त्याने भिंतीला टेकून वाट दिली. मी लंगडत खाली गेले.

कपडे काढले, दार उघडलं, आणि पाय उचलून तसाच धरला. घोटा मोडल्यापासून ओल्या जमिनीची मला धास्तीच बसलीय. आधी अंगठा टेकवते, मग टाच, मग धीर करून दुसरा पाय. अंगठा टेकवला. लादी कोरडी. टाच टेकवली. कोरडी ठणठणीत. क्षणभर बरं वाटलं, हेही सांगते. वाटलं, माझ्या घोट्यासाठी ताउनोने पुसून ठेवलीय. मग बाकाला हात लावला. बाक कोरडं. बादली पालथी होती, ती उचलून पाहिली, आतूनही कोरडी, पाणी घ्यायचा डाव कालपासून कुणी हलवलेला नाही. भट्टीतले दगड तापून कडकडत होते आणि त्यांच्यावर थेंबभर पाणी पडलेलं नव्हतं.

ताउनो सॉनात गेलाच नव्हता. मग तोंड कशाने लाल झालं होतं?

तो पाचला झगा घालून, टॉवेल घेऊन खाली उतरला होता, दाराबाहेर बसून राहिला होता, आणि वेळ झाल्यावर वर निघाला होता. मला दिसावं म्हणून. कुणी विचारलं तर मी सांगावं म्हणून. आयुष्यात पहिलं खोटं बोलायचं, तर माणसाने ते किती मेहनत घेऊन बोलावं!

झगा अंगावर ओढून जिने मी कशी चढले ते घोट्याला विचारा. त्याच्या दाराची बेल वाजवली. आमच्याकडे न सांगता कुणाची बेल वाजवणं म्हणजे आग लागली असेल तरच. आतून काही हालचाल नाही. पुन्हा वाजवली. मग गुडघे टेकले आणि पत्रांच्या फटीवरची पितळी पट्टी आत ढकलली.

स्वयंपाकघराचा तुकडा दिसला. टेबल खिडकीशी. टेबलाखाली लोकरी मोज्यांतले दोन पाय, आणि ते पाय थडथड उडत होते. त्याला हुडहुडी भरली होती.

"ताउनो, तुझा ताप उतरलेला नाही," हेल्काचा आवाज आला. "वाढला आहे. तू म्हणालास सॉनातून आलास. तसं असेल तर आतापर्यंत उतरायला हवा होता. तू खरंच सॉनात होतास का?"

उत्तर नाही. आणि ती थांबली. त्यानेच तिला थांबायला शिकवलं होतं, मी बोलेपर्यंत थांब म्हणून. आता ती बया उद्या सकाळपर्यंत थांबली असती.

"तो नव्हता गेला!" मी फटीतून ओरडले. "हेल्का, ऐकतेस का? मी खालून आलेय. लादी कोरडी आहे!"

"मला दुसरा आवाज ऐकू येतो आहे," ती शांतपणे म्हणाली. "ताउनोने जवळचं कोणी सांगितलेलं नाही. मला ताउनोकडूनच ऐकायचं आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अगं मठ्ठ बाई, तो मरेल तिथे!"

"इर्या," आतून ताउनो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "घरी जा. थंडी लागेल."

"मला थंडी लागेल? मी फोन करतेय गाडीला."

"कर. सांगेन त्यांना, सॉनातून आलोय. ओळखतात ते मला."

आणि ते परत गेले असते. गावभर झालेला विनोद होता तो, सॉनाचा ताप. दारात उभा राहून शहाणा माणूस नको म्हणाला तर त्याला कोण उचलून नेणार? बरं, दार फोडावं तर ज्याला बोलवायचं तो केअरटेकर आतच. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो.

"ताउनो, ऐक माझं," मी म्हणाले. "ती गाडी कुणासाठी राखून ठेवतोयस? माझ्यासाठी? मी आज पडत नाहीये. कोरड्या लादीवर कोण पडतं?"

पाय थडथडत राहिले.

"त्या दिवशी मी बर्फावर पडले होते ना, मला कळलं गाडी तुला घेऊन गेलीय. काय वाटलं सांगू? वाटलं, बरं झालं, पहिला तो गेला. आपला घोटा थांबेल. हे मी तुला सांगायला हवं होतं, पण तू दारातूनच निघून गेलास. आणि मी काय तुझ्यामागे कुबड्या घेऊन धावू? तू गेलास तर शनिवारी खाली सॉनात मी कुणाच्या मागून जायचं? सांग ना. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांच्या मागून? ती बादलीसुद्धा पालथी घालत नाहीत."

मी थांबले. एकोणीस वर्षांचं सगळं एका फटीतून आत टाकून झालं होतं.

"ताउनो," हेल्का म्हणाली, "तू सॉनात होतास का?"

मी पट्टी धरून ठेवली होती, बोटं बधिर झाली होती. खाली कुणीतरी इमारतीचं दार उघडलं, बंद केलं. घड्याळ टिकटिकत होतं. माझ्या मनात आलं, हा असाच बसल्या बसल्या जाणार, आणि ती अशीच अदबीने थांबून राहणार, आणि मी इथे झग्यात.

"नाही," तो म्हणाला. "नव्हतो गेलो."

"सांगितलंस ते बरं केलंस. गाडी निघते आहे. दार उघडं ठेव."

"माफ कर," तो तिला म्हणाला.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, मग काहीतरी जड आपटलं. पाय दिसेनासे झाले. मी त्याचं नाव घेत राहिले. दारापर्यंत त्याला उभं राहून येता येत नव्हतं. तो लादीवरून सरकत आला, थांबत, धापा टाकत. कुलपाचा खटका उंचावर, तिथवर हात पोचणार नाही हे त्यालाही कळलं असावं. मग फटीतून किल्ली बाहेर आली. दोन बोटांत धरलेली, दाते माझ्याकडे करून नव्हे, मूठ माझ्याकडे करून, कुणाच्या हाती वस्तू देताना देतात तशी. मी किल्ली घेतली आणि ती बोटंही धरली. निखारा झाला होता हात. एकोणीस वर्षांत आम्ही एकमेकांना पहिल्यांदाच शिवत होतो, आणि त्याने हात मागे घेतला नाही.

गाडी लवकर आली. स्ट्रेचरवर त्याला नेताना त्यातला तरुण म्हणाला, "सॉनावालेच ना हे?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे बोलला नाही.

रक्तात विष पसरायला लागलं होतं. शहरातल्या इस्पितळात आधी अतिदक्षता विभाग, मग साधा वॉर्ड. योन्ना मला एवढंच सांगायची, "आहे." रोज एवढंच. ती नियमाची पक्की. मी नातेवाईक नाही, जवळची म्हणून माझं नाव कुठे नाही. शनिवारी पाचची पाळी रिकामी राहू लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांच्या आईने विचारलं, ती वेळ आम्हाला मिळेल का? मी म्हटलं, त्याने सोडलीय का ती? मग गप्प बैस.

तलावावरचा बर्फ फुटला तेव्हा तो परत आला. निम्मा झाला होता. शेवटचं औषध पुढे ढकललं होतं, आणि ते झाल्यावरही पुढे काय, हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. त्याने विचारलंही नसेल. जिन्यात भेटला, मला म्हणाला, "पाणी मोकळं झालं." मी म्हणाले, "झालं खरं." झालं बोलणं.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी सहाला खाली गेले. झगा खुंटीला लावला आणि दाराशीच माझा फोन वाजला. एरवी मी उचलला नसता.

"नमस्कार," फोनमध्ये हेल्का म्हणाली. "तू इर्या ना? ताउनो हेइकुराने जवळची म्हणून तुझं नाव दिलं आहे. त्याचं अंग गरम आहे आणि तो म्हणतो, सॉनातून आलो. त्याने सांगितलं आहे की असं झालं की तुला विचारावं. लादी ओली आहे का?"

मी दार उघडलं. बादली पालथी होती. बाकांवरून पाणी ठिबकत होतं. अंगठा टेकवला, मग टाच. मग दुसरा पायही टेकवला आणि त्या पाण्यात तशीच उभी राहिले. हेल्का थांबली. ताउनोने शिकवलेलं, ती माझ्यासाठीही थांबली.

"ओली आहे," मी म्हणाले.